शिष्यवृत्तीची मुलाखत आणि सीमाभागातली मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात एका कॉलेजात शिकवतो. पीयूसीचे (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आणि डिग्रीचे निकाल लागले की रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर सराव मुलाखती सुरू होतात. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा सगळीकडून मुलं येतात. चहा आम्ही देतो, बिस्किटं ज्याची त्यानं आणायची. तिथं आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण त्यांवर मलाच जास्त बोलायचं होतं.

मेरिट स्कॉलरशिप म्हणजे मार्कांवरच मिळते ना? मग मुलाखत कशाला?

सगळ्यांना मुलाखत नसते. केंद्र सरकारची इन्स्पायर घ्या. बारावी बोर्डातले वरचे एक टक्का विद्यार्थी मूलभूत विज्ञानाच्या पदवीला गेले तर वर्षाला 80,000 रुपयांची सोय आहे, आणि तिला मुलाखत नाही. पूर्वी केव्हीपीवायला (किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना) लेखी परीक्षेनंतर मुलाखत असायची. ती योजना 2022 मध्ये इन्स्पायरमध्ये मिळवून टाकली, तरी 'केव्हीपीवाय मुलाखत मार्गदर्शक' नावाची जुनी पुस्तकं अजून विकली जातात. घेऊ नका.

मुलाखत असते ती मोठ्या विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांना, आदित्य बिर्लासारख्या खासगी शिष्यवृत्त्यांना आणि परदेशी शिक्षणाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना. 1892 साली सुरू झालेल्या जे. एन. टाटा एन्डोमेंटलाही असते. मात्र ती 'लोन स्कॉलरशिप' आहे, म्हणजे पैसे परत करायचे. हे दोन शब्द न वाचताच पेढे वाटलेलं एक घर मी पाहिलंय.

मार्कांचं म्हणाल तर मार्क तुम्हाला दारापर्यंत नेतात. बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांनाच पंच्याण्णवच्या वर असतात. आत गेल्यावर समोरची माणसं एवढंच बघतात, की फॉर्मवर लिहिलेला मुलगा आणि खुर्चीत बसलेला मुलगा एकच आहे का. माझं या विषयावरचं सगळं म्हणणं यात आलं. पुढची उत्तरं त्याचाच विस्तार आहेत.

किती जण असतात? किती वेळ चालते?

साधारण तीन ते पाच जण आणि पंधरा-वीस मिनिटं. एखादा तुमच्या विषयाचा, एखादा अगदीच दुसऱ्या विषयाचा, आणि एक जण गप्प बसून नुसता लिहीत असतो. त्या लिहिणाऱ्याकडे बघून घाबरू नका. बऱ्याचदा तो प्रवासभत्त्याचा कागद भरत असतो.

तयारी कुठून सुरू करू?

तुम्ही भरलेल्या फॉर्मच्या झेरॉक्सपासून. ती नसेल तर तुमची तयारी सुरूच झालेली नाही. फॉर्म सबमिट करण्याआधी पीडीएफ ठेवा, दोन प्रती काढा, एक घरी भिंतीला लावा. मग प्रत्येक ओळीखाली स्वतःला तीन प्रश्न विचारा : कधी, कसं, आणि त्यातून मला काय कळलं? 'विज्ञान प्रदर्शनात भाग' असं लिहिलंय? मग मॉडेल कुणी केलं, मोटर कुठून आणली, ते बंद कसं पडलं? छंदात 'वाचन' लिहिलंय? शेवटचं पुस्तक कुठलं, आणि त्यात काय पटलं नाही? या तीन प्रश्नांपुढे जी ओळ टिकत नाही ती खोडा. फॉर्म गेला असेल तर निदान मनाची तयारी ठेवा.

माझी स्वतःची फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीला मी मुलाखतीला गेलो होतो. फॉर्ममध्ये मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'मलप्रभेच्या काठावरच्या गावातून आलो.' अध्यक्षबाईंनी विचारलं, नदी कुठं उगम पावते? मी ठोकून दिलं, पश्चिम घाटात, कणकुंबीला. त्या म्हणाल्या, "गेलायस का तिथं? काय दिसतं?" आमचे मामा त्याच भागातले. मी वीस वेळा तरी गेलो असेन. तिथल्या देवळाच्या गार फरशीवर लोळलोय, पावसाळ्यात पायाला जळवा लावून घेतल्यात. पण त्या खोलीत मला यातलं काहीही 'उत्तर' वाटलं नाही. मी भूगोलाच्या पुस्तकातली दोन वाक्यं म्हटली. त्यांनी पेन खाली ठेवलं. शिष्यवृत्ती मिळाली नाही हे सांगायला नकोच.

बाईंना जळवा हव्या होत्या. हे मला पुण्याहून परतताना बस निपाणीला थांबली तेव्हा कळलं.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजीत अडखळलो तर मार्क जातात का?

हा प्रश्न दर रविवारी येतो, म्हणून सविस्तर.

आपल्याकडे दहावीपर्यंत 'जडत्व' म्हणून शिकलेलं पीयूसीत गेल्यावर 'इनर्शिया' होऊन समोर येतं. मूल वर्षभर तेच जुनं ओळखीचं माणूस नवीन कपड्यांत ओळखू न आल्यासारखं बावरतं. मुलाखतीत घोळ होतो तो इथंच. व्याकरणापेक्षा विषयातला शब्द ऐन वेळी न आठवण्यानं जास्त घोळ होतो. म्हणून आपल्या विषयातले पन्नास शब्द निवडा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य मोठ्यानं म्हणा. मनात नाही, मोठ्यानं. घरात हसतील, हसू देत.

दुसरं, वाक्यं आखूड ठेवा. मराठीत आपण 'जे', 'ते', 'म्हणून', 'की' लावत गाडी लांबवतो, आणि तसंच इंग्रजीत करायला गेलं की मधेच डबे सुटतात. कर्ता, क्रियापद, फुलस्टॉप.

तिसरं, अगदीच अडलात तर विचारा : 'मे आय से धिस इन हिंदी?' किंवा पुण्या-मुंबईकडचं मुलाखत मंडळ असेल तर मराठीत. बहुतेक वेळा हो म्हणतात. दोन वाक्यं आपल्या भाषेत सांगून पुन्हा इंग्रजीवर या. असं करून निवड झालेली मुलं माझ्या ओळखीत आहेत. क्लासमध्ये शिकवलेलं 'आय ॲम अ हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड पर्सन' म्हणून निवड झालेलं मात्र कुणी आठवत नाही.

आणि बेंगळुरूला मंडळातल्या कुणी कन्नडमध्ये विचारलं तर येईल तेवढ्या कन्नडमध्ये उत्तर द्या. गणपत गल्लीतली भाजीवाली मावशी एका गिऱ्हाइकाशी मराठीत भाव करते, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी उर्दूमिश्रित हिंदीत, आणि सुट्टे पैसे मोजते परत मराठीत. तुम्ही त्याच बाजारातले आहात. चार भाषांत वावरणं ही आपल्याला फुकट मिळालेली गोष्ट आहे, फॉर्ममध्ये 'भाषा' या रकान्यात ती लपवू नका.

आमचं मराठी बेळगावी आहे. पुण्याच्या मंडळापुढं 'काय करालास' निघालं तर?

निघू दे. 'कळेना झालंय' हे शब्द कुठल्याही प्राध्यापकाला कळतात. मुद्दाम पुणेरी बोलायला गेलात तर डोकं उच्चारांत अडकेल आणि उत्तर राहून जाईल.

'टेल अस अबाउट युवरसेल्फ' ला काय सांगू?

नाव, गाव, शाळा, टक्के यातलं काही नको. ते सगळं त्यांच्यासमोर कागदावर आहे. दीड मिनिट असतं, त्यात एकच गोष्ट सांगा, तुम्ही आता हा विषय का शिकताय ती. उद्यमबागेतल्या कारखान्यात वडील लेथवर काम करतात आणि सुट्टीत तुम्ही तिथं मायक्रोमीटर धरायला शिकलात, म्हणून मेकॅनिकल. झालं. पुढचे पाच प्रश्न ते मायक्रोमीटरवरच विचारतील, आणि ते तर तुम्हाला येतातच. कुठला प्रश्न यावा हे बरंचसं आपल्याच हातात असतं, हे मुलांना पटायला वेळ लागतो.

गावाबद्दल, जिल्ह्याबद्दल काय विचारतात?

जेवढं तुम्ही उघड कराल तेवढं. तरी काही गोष्टी आपल्या भागातल्या मुलाला माहीत नसतील तर लाज वाटावी अशा आहेत.

काँग्रेसचं 1924 चं अधिवेशन बेळगावात झालं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. तिच्यासमोरून रोज क्लासला जाणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, तर तो म्हणाला, "सर, तो स्टॉप आहे ना?" टिळकांनी होमरूल लीग 1916 साली बेळगावातच सुरू केली. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या फौजेशी लढताना कलेक्टर थॅकरे मारला गेला ते साल 1824.

विज्ञानवाल्यांसाठी खानापूर तालुका ही खाण आहे. याच तालुक्यात मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात. याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते आणि अरबी समुद्रात जाते. एका डोंगराच्या दोन उतारांवरचं पाणी दोन समुद्रांत जातं. कळसा-भांडुरा वाद नेमका याच पाण्याचा, म्हादईचं थोडं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही याचा. लवादानं 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं. सिव्हिल, पर्यावरण, कायदा, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, यातल्या कुठल्याही शाखेच्या मुलाला यावर दहा मिनिटं बोलता यायला हवं. गोव्याची बाजूही सांगता यायला हवी. तिथंच मंडळ पुढं सरकून बसतं.

निपाणीकडच्यांनी तंबाखू, चिकोडी-गोकाककडच्यांनी ऊस, शहरातल्यांनी फाउंड्री. आपल्या दारातल्या उद्योगाचा कच्चा माल कुठून येतो आणि पक्का कुठं जातो एवढं एकदा जाऊन विचारून या. इंटरनेटवरून नको. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन जास्त सांगतो.

सीमाप्रश्नावर विचारलं तर काय बोलावं? गप्प बसावं का?

विचारतात, हो. कधी सरळ, कधी 'सो, यू आर फ्रॉम बेळगावी... ऑर बेळगाव?' अशा हसऱ्या तिरकसपणे. गप्प बसू नका आणि घोषणाही देऊ नका.

आधी तारखा पक्क्या करा. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला, 1967 मध्ये अहवाल आला. त्यात बेळगाव शहर कर्नाटकातच, निपाणी-खानापूर-नंदगड महाराष्ट्राला, अक्कलकोट वगैरे कर्नाटकाला असं होतं. महाराष्ट्रानं तो नाकारला. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्राचा दावा 865 गावांवर आहे. शहराचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं. 1 नोव्हेंबरला एकाच शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे काळा दिन पाळला जातो.

एवढं सांगितल्यावर स्वतःचं सांगा. मत असेल तर मत सांगा, पण 'आम्ही' न म्हणता 'मी' म्हणून. मागं एका मुलीला हाच प्रश्न आला होता. तिनं तारखा सांगितल्या आणि मग म्हणाली, "माझ्या आजोबांनी या आंदोलनात लाठ्या खाल्ल्यात. माझी जवळची मैत्रीण कन्नड आहे. तिच्या नोट्सवर मी पीयूसी पास झाले. दोन्ही गोष्टी माझ्याच घरातल्या आहेत, मी कुठलीही एक खोडू शकत नाही." पुढं तिनं काही जोडलं नाही, आणि मंडळानंही विषय ताणला नाही. तुमचं उत्तर तिच्यासारखं असायला हवं असं नाही. तुमचं मत याहून कडक असेल तर कडक सांगा. फक्त समोरच्या बाजूचं सगळ्यात चांगलं कारण काय आहे, असं लगेच विचारलं तर तेही देता आलं पाहिजे.

बोलताना बेळगाव म्हणा. फॉर्मवर मात्र आधार कार्डावर असेल तेच लिहा. तिथं बाणेदारपणा दाखवलात तर अर्ज कॉम्प्युटर परत पाठवतो, आणि कॉम्प्युटरला सीमाप्रश्न कळत नाही.

घरची परिस्थिती सांगावी का? किती?

मेरिटच्या मुलाखतीत रडू विकायचं नाही, आणि परिस्थिती लपवायचीही नाही. उत्पन्नाचा दाखला त्यांच्याकडे असतोच.

निपाणीकडच्या एका मुलीची आई विड्या वळते. सरावाच्या पहिल्या दिवशी मुलीनं सांगितलं, "आमची परिस्थिती खूप हलाखीची आहे," आणि डोळे पुसले. गच्चीवर सगळे गप्प झाले. मी विचारलं, आई दिवसाला किती विड्या वळते? ती म्हणाली, हजाराच्या आसपास. मजुरी हजारामागं असते. मग कारखान्यात माल देताना काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. बोलता बोलता मुलीचा आवाज बदलला. तिनं सांगितलं की बारावीत असताना तिनं महिनाभर वहीत लिहून ठेवलं होतं, कुठल्या दिवशी छाट किती निघाली. पावसाळ्यात पानं ओलसर असली की जास्त निघायची. तिनं आईला पानं चुलीच्या उबेजवळ ठेवायला सांगितलं आणि पुढच्या महिन्याचे आकडे परत मांडले.

मुलगी संख्याशास्त्राला अर्ज करत होती. फॉर्ममध्ये या वहीचा एक शब्दही नव्हता. 'छंद : रांगोळी' असं होतं.

आपल्याकडची मुलं घरातल्या कामाला कर्तृत्व मानत नाहीत. म्हशीच्या दुधाचा फॅटनुसार हिशोब, वडिलांच्या टेम्पोचं डिझेल, काजूच्या हंगामात मजुरांची मांडणी हे सगळं 'एक्स्ट्रा करिक्युलर' मध्ये बसतं. शहरातल्या मुलानं मॉडेल युनायटेड नेशन्स लिहिलेलं असतं, तुम्ही छाट लिहा.

प्रश्नाचं उत्तरच येत नसेल तर?

'माहीत नाही' म्हणा. मग लगेच, कसं शोधाल ते सांगा. बहुतेक वेळा त्यांना तेवढंच हवं असतं.

काही प्रश्न तर कुणालाच उत्तर माहीत नसावं म्हणून विचारलेले असतात. बेळगाव शहराला रोज किती लिटर दूध लागत असेल? मुलं छताकडं बघतात. छतावर काही नसतं. मोठ्यानं विचार करा : 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती, सोयीसाठी पाच लाख धरू. घरात पाच माणसं म्हणजे एक लाख घरं. घरटी एक लिटर, एक लाख लिटर. चहाच्या टपऱ्या, हॉटेलं, हॉस्टेलं यांचं आणखी वीस-तीस हजार. 2011 नंतर शहर वाढलंय, ते वेगळं. इथपर्यंत सगळे येतात. गेल्या वर्षी एक पोरगा म्हणाला, "सर, कुंदेवाले राहिले की!" कुंदा ही बेळगावची मिठाई, दूध आटवून होते, म्हणजे एका किलोला कितीतरी लिटर जातं, आणि हे दुसऱ्या शहराच्या हिशोबात येणारच नाही. आकडा बरोबर की चूक याच्याशी देणंघेणं नाही. काय सुटलंय हे ज्याचं त्याला दिसलं, ते महत्त्वाचं.

'शिकून परत येणार का?' असं विचारतात म्हणे.

विचारतात. 'हो, गावाची सेवा करणार' हे उत्तर त्यांनी सकाळपासून अकरा वेळा ऐकलेलं असतं. खरं काय ते सांगा. एरोस्पेसचं शिकणारी मुलगी म्हणाली होती, आपल्याच जिल्ह्यात हत्तरगीला विमानाचे भाग बनतात, तिथं काम मिळालं तर येईन, नाहीतर सध्या तरी येणार नाही. निवड झाली.

'हेच विद्यापीठ का' यालाही तेच लागू. तिथल्या एका प्राध्यापकाचं काम, एक प्रयोगशाळा किंवा एक अभ्यासक्रम नावानिशी माहीत हवा. 'नामांकित आहे म्हणून' याचा अर्थ 'मी वेबसाइट उघडली नाही' असा होतो.

कागदपत्रांचं काय? आमचं अर्धं कन्नडमध्ये आहे.

इथं मुलांचं जेवढं नुकसान होतं तेवढं मुलाखतीत होत नाही.

नाव आधी तपासा. मार्क्स कार्डावर 'पाटील सागर मारुती', आधारवर 'सागर मारुती पाटील', बँकेत 'सागर एम पाटील', आणि एका ठिकाणी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. अर्जाच्या दोन महिने आधी हे एका रांगेत आणा.

जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल कार्यालयातून मिळतो, त्यावर आरडी नंबर असतो. कर्नाटकाच्या एसएसपी, म्हणजे राज्य शिष्यवृत्ती पोर्टलला तो लागतो. दाखला कन्नडमध्ये असेल आणि मंडळ राज्याबाहेरचं असेल तर इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्या.

राज्याबाहेरच्या माणसाला पीयूसी म्हणजे काय हे ठाऊक नसतं. 'बारावीच्या बरोबरीचं' हे लिहून टाका. आपली एसएसएलसी, म्हणजे दहावी, 625 पैकी असते. 590 मिळाले असतील तर पुढं 94.4 टक्के असं लिहा. 590 बघून कुणी सहाशेपैकी समजलं तर फायदाच आहे, पण तो फायदा पडताळणीत अंगलट येतो.

निपाणीच्या मुलांनी जास्त सावध राहावं. घर कर्नाटकात, आणि गावाला लागूनच असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. दहावी एका बोर्डाची, बारावी दुसऱ्या. 'राज्य' या रकान्यात राहण्याचं विचारलंय की शिक्षणाचं, हे नीट वाचा. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी वगैरे प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी 'टाइप ई' हा वेगळा प्रकार असतो. तो प्रवेशासाठी आहे. शिष्यवृत्तीचे रहिवासाचे नियम त्यानं बदलत नाहीत. दर वर्षी कुणीतरी यात फसतं.

शिफारसपत्र सरांकडून तीन आठवडे आधी मागा, आणि मागताना एका कागदावर तुम्ही त्यांच्या वर्गात काय केलं ते लिहून द्या. आम्हाला आठवत नसतं. खरंच नसतं.

मुलाखत ऑनलाइन आहे आणि गावात रेंज नाही.

जांबोटीच्या पलीकडच्यांनी त्या दिवशी घरून बसण्याचा हट्ट करू नये. खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकाकडे आदल्या दिवशी या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, फोन पूर्ण चार्ज, कारण जून-जुलैत वीज जाते ती जातेच. संयोजकांचा नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये असेल तर फोन बंद पडल्यावर उपयोग नाही. पाठीमागं साधी भिंत. मिक्सर लावायचा नाही हे घरात आधी सांगा. कोंबडा ओरडला तर ओरडू दे. एका मुलाच्या मुलाखतीत ओरडला, आणि पुढची पाच मिनिटं ते कोंबड्यावरच बोलले.

कपडे काय घालू?

इस्त्रीचा शर्ट-पँट, साधा पंजाबी ड्रेस. भाड्याचा कोट नको, खांद्यात बसत नाही आणि हात वर गेला की कळतं.

प्रवासाचं काही?

बेंगळुरूला रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस बहुतेकांना सोयीची पडते, पण मुलाखत सकाळी नऊची असेल तर एक रात्र आधीच जा. पुण्या-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी सीमेवरचं वातावरण बघावं. तापलं की दोन्हीकडच्या एसटी थांबतात. 1 नोव्हेंबरच्या आसपास आणि डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा बेळगावात लॉजही मिळत नाही. मुलाखत बेळगावातच असेल तर खानापूरकरांनी हे लक्षात ठेवावं.

आई-वडिलांनी सोबत यावं का?

गेटपर्यंत. बाबांनी आत येऊन "आमचा पोरगा लई हुशार आहे ओ सर" असं सांगू नये. आमच्या काळात सांगायचे, आताही सांगतात.

नाही मिळाली तर?

संध्याकाळी घरी आल्यावर, जेवायच्या आधी, विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी अर्धे विसरतात. पुढच्या अर्जाला ही वही कुठल्याही क्लासपेक्षा उपयोगी पडते, आणि ती आमच्याकडे दिलीत तर पुढच्या पोरांनाही पडते. आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत अशा वह्या आहेत. माझ्या वहीत पहिल्याच पानावर 'कणकुंबी' लिहिलंय, आणि खाली काहीच नाही.

मंडळासाठी बेळगावचा कुंदा नेला तर चालेल का?

नाही. दोघांनी विचारलंय म्हणून लिहितो. नेलात तर बॅगेत ठेवा, निवड झाली तर हॉस्टेलवर पहिल्या रात्री उघडायला होईल. आठवडाभर तरी टिकावा असा हवा असेल तर दुकानदाराला घट्ट आटवलेला मागा.